एसआरएमई चालवूनही डेटा वाजतोच: उथळ समुद्रातल्या मल्टिपलांचं काय करायचं

हा प्रश्न समुद्रातल्या सिस्मिक सर्वेक्षणाचा: जहाजामागच्या एअरगनने ध्वनिलहर सोडायची आणि ओढलेल्या केबलवरच्या हायड्रोफोननी प्रतिध्वनी नोंदवून तळाखालचे थर बघायचे. पृष्ठभाग आणि थर यांच्यात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून आलेले प्रतिध्वनी म्हणजे मल्टिपल, आणि डेटावरूनच त्यांचा अंदाज बांधून ते वजा करायची पद्धत म्हणजे एसआरएमई. आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. पाण्याची खोली 50 ते 100 मीटर. स्टॅक (एकाच जागेच्या अनेक नोंदींची बेरीज करून केलेलं चित्र) काढला की समुद्रतळाखाली रेघांवर रेघा, दुरेघी वहीच्या पानासारख्या. तळ थोडा वर आला की सगळ्या रेघा त्याच्यामागे वर, तळ खाली गेला की खाली. एसआरएमई चालवली, वजाबाकी केली. चित्र जरा उजळलं, पण रेघा जागच्या हलल्या नाहीत. मग वजाबाकीआधी अंदाज डेटाशी जुळवणारा फिल्टर लांब केला, तो एका वेळी डेटाचा जेवढा तुकडा बघतो ती खिडकी लहान केली, पुन्हा चालवलं. आता रेघा पुसट झाल्या, पण चुनखडीचा जो थर दाखवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोही त्यांच्यासोबत पुसट झाला. फिल्टर परत आखूड केला की रेघा परत हजर.

आमच्या धंद्यात याला डेटा ‘वाजतो’ म्हणतात. मी हे काम लातुरात घरी बसून करतो. डेटा आणि मशीन दूर कुठेतरी, माझ्यासमोर फक्त पडदा. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या गावात बसून मी समुद्राच्या पाण्याने घातलेला गोंधळ निस्तरतो, याचं माझ्या आईला अजून हसू येतं. शेजारणींना ती सांगते, “पोरगं काँप्युटरवर दगड बघतंय.”

हे लिहायचं कारण माझ्यासोबत काम करणारी परभणीची एक नवी मुलगी. नांदेडला विद्यापीठात भूशास्त्र शिकली, हुशार आहे, कामाला चिकट आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका उथळ सर्वेक्षणाच्या दोन डझन लाइन, म्हणजे जहाजाने एकेका सरळ रेषेत घेतलेल्या नोंदी, तिच्याकडे होत्या. एका संध्याकाळी तिचा फोन आला: “दादा, सकाळी गप झालतं, आता पुन्हा वाजायलंय. फिल्टर किती ठेवू सांगा ना.” फिल्टर किती ठेवू, हाच प्रश्न मला गेल्या काही वर्षांत निदान पंधरा जणांनी विचारला असेल. मीही कधीकाळी कुणाला तरी विचारला होता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली ही गत आहे. वजाबाकीचा फिल्टर बहुतेक वेळा निर्दोष असतो. ज्याची वजाबाकी करायची, तो अंदाजच चुकलेला असतो.

पहिल्यांदा खात्री करा की हे मल्टिपलच आहेत

खालून येणाऱ्या ध्वनिलहरीला समुद्राचा पृष्ठभाग म्हणजे आरसा. हवेत जवळजवळ काहीच शिरत नाही, सगळी लहर परत फिरते आणि फिरताना उलटी होते. परावर्तन गुणांक, म्हणजे लहरीचा किती हिस्सा परत फिरतो तो आकडा, उणे 1 धरा. टणक समुद्रतळाचा गुणांक 0.3 ते 0.4 असू शकतो. या दोघांच्या मधे 75 मीटर पाणी असेल आणि वेग 1500 मीटर प्रति सेकंद धरला, तर एक खालवर फेरी 100 मिलिसेकंदांची. खालच्या एखाद्या थरावरून आलेली प्रत्येक लहर या पाण्यात आणखी एक, आणखी दोन, आणखी तीन फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीनंतर हायड्रोफोनवर स्वतःची एक नक्कल सोडते.

नक्कल किती मोठी, हे एकदा वहीवर मांडून बघाच. तळाचा गुणांक 0.4 घ्या. एक जादा फेरी शॉटच्या (गन सुटते त्या) बाजूला होऊ शकते किंवा रिसीव्हरच्या (हायड्रोफोनच्या) बाजूला, म्हणजे वाटा दोन आणि वेळ तीच. त्यामुळे पहिली नक्कल 0.4 ची नाही, उणे 0.8 ची. दुसरी अधिक 0.48, तिसरी उणे 0.256, चौथी अधिक 0.128. मूळ थर 1 असेल तर त्याची पहिली सावली 80 टक्के उंचीची! मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा बेरीज चुकली असं वाटून दोनदा तपासलं होतं. मायलो बॅकस यांनी पाण्यातल्या या घुमण्याचं गणित 1959 सालीच मांडून ठेवलं आहे, आणि सपाट तळाला ते आजही तंतोतंत लागू पडतं.

तपासायचं साधन एकच: ऑटोकोरिलेशन, म्हणजे नोंद स्वतःवरच सरकवत नेऊन ती कुठे कुठे जुळते ते बघणं. प्रत्येक ट्रेसचं (एका हायड्रोफोनच्या नोंदीचं) काढा आणि लाइनभर शेजारी शेजारी मांडा. शून्यापासून 100 मिलिसेकंदांवर काळा पट्टा, 200 वर पांढरा, 300 वर पुन्हा काळा, असा रंग पालटत गेला आणि पट्टे तळाच्या चढउतारासोबत वरखाली झाले, तर ते पाण्याच्या थराचे मल्टिपल. 60 मीटर खोलीला पट्टा 80 मिलिसेकंदांवर यायला हवा, 90 मीटरला 120 वर. तो तसा चालत नसेल तर थांबा, गुन्हेगार दुसरा आहे.

कोण असू शकतो? एक म्हणजे घोस्ट. केबल 8 मीटर खोल ओढली असेल तर खालून आलेली लहर वर जाऊन, उलटी होऊन साधारण 11 मिलिसेकंदांत पुन्हा केबलवर येते. स्पेक्ट्रममध्ये 94 हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो. तो पाण्याच्या खोलीवर नाही, केबलच्या खोलीवर ठरतो. हा ओळखायला सोपा. दुसरा मात्र चांगलाच फसवतो: बबल. एअरगनमधून सुटलेला हवेचा बुडबुडा फुगतो, आक्रसतो, पुन्हा फुगतो, आणि दर वेळी नवा ठोका देतो. त्याचा काळ गनच्या आकारमानावर आणि खोलीवर ठरतो, आणि तो कधीकधी नेमका 100 मिलिसेकंदांच्या शेजारी येऊन बसतो. एका प्रकल्पात मी तीन दिवस बबललाच मल्टिपल समजून झोडपत होतो. ओळख सोपी आहे: तळ खोल गेला तरी बबलचा पट्टा जागचा हलत नाही. शिवाय तो थेट आलेल्या लहरीतही दिसतो. थेट लहर समुद्रतळापर्यंत गेलेलीच नसते, त्यामुळे तिच्यात तळाची फेरी असायचा प्रश्नच नाही.

घोस्ट आणि बबल दोन्ही आधी काढून टाका, मगच मल्टिपलांच्या मागे लागा. क्रम उलटा केला तर पुढचं सगळं दुप्पट अवघड होतं. का, ते आता येईलच.

एसआरएमई नेमकं करते काय

पृष्ठभागाशी निगडित मल्टिपल काढायची ही पद्धत 1992 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे बेर्कहाउट, व्हर्सखूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरण्याजोगी करून दाखवली. कल्पना इतकी देखणी आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मी चहा विसरलो होतो. कोणताही पृष्ठभागी मल्टिपल घ्या. तो शॉटपासून निघाला, खाली गेला, वर आला, पृष्ठभागावर एका बिंदूला आपटला, पुन्हा खाली गेला आणि रिसीव्हरला आला. त्या आपटलेल्या बिंदूवर त्याचे दोन तुकडे करा. पहिला तुकडा म्हणजे शॉटपासून त्या बिंदूपर्यंतचा ट्रेस. दुसरा म्हणजे त्या बिंदूपासून रिसीव्हरपर्यंतचा ट्रेस. दोन्ही आपल्या डेटात असायला हवेत. दोघांना कन्व्हॉल्व्ह केलं की वेळांची बेरीज होते: 0.1 सेकंदाचा तळ आणि 1.2 सेकंदाचा थर मिळून 1.3 सेकंदांचा मल्टिपल. बिंदू कुठला ते ठाऊक नसतं, म्हणून पृष्ठभागावरच्या सगळ्या बिंदूंसाठी हे करून बेरीज घ्यायची. चुकीच्या बिंदूंचे हिशेब एकमेकांना खोडतात, बरोबरचे उरतात. जमिनीखाली काय आहे हे आपल्याला कणभरही माहीत असण्याची गरज नाही. डेटाच डेटाचा साक्षीदार.

या कन्व्हॉल्यूशनमध्ये गनची लहर दोनदा येते. घोस्टही दोनदा, बबलही दोनदा. म्हणून त्यांची साफसफाई आधी. नाहीतर अंदाजाचा आकार मूळ मल्टिपलाशी जुळत नाही, आणि तो जुळवण्याचा बोजा बिचाऱ्या फिल्टरवर पडतो.

तर इथवर सगळं छान आहे. मग उथळ पाण्यात बिघडतं कुठे?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार

मी परभणीच्या त्या मुलीला फोनवर म्हटलं, “फिल्टर सोड. तुझ्या लाइनचा पहिला रिसीव्हर जहाजापासून किती लांब आहे ते बघ.” तिने बघितलं: गनपासून 150 मीटर.

“आता कागद घे. पाणी 75 मीटर, हे अंतर म्हणजे ऑफसेट 150. तळावर लहर किती अंशात आपटली?”

थोडा वेळ पलीकडून फक्त पेनचा आवाज. “पंचेचाळीस, दादा.”

“आणि सरळ खाली जाऊन सरळ वर आलेली लहर कुठल्या ट्रेसवर आहे?”

ती गप्प. मग म्हणाली, “कुठंच नाही की.”

गोम इथेच आहे. खालच्या थरावरून येणारे मल्टिपल पाण्यात जवळजवळ उभ्या फेऱ्या मारतात. त्यांचा अंदाज बांधायला समुद्रतळाचं जवळजवळ उभं परावर्तन लागतं, आणि ते आपल्या केबलवर नोंदलंच गेलेलं नसतं. पहिल्याच ट्रेसवर तळाचं परावर्तन 45 अंशांचं. तळाखालच्या मातीत वेग 1800 असेल तर क्रांतिक कोन 56 अंशांच्या जवळ, म्हणजे सुमारे 226 मीटर ऑफसेटच्या पुढे पूर्ण परावर्तन आणि अपवर्तित लहरींची सरमिसळ. तिथल्या उंचीचा उभ्या परावर्तनाच्या उंचीशी काही संबंध उरत नाही. त्यात थेट लहर अंगावर चढलेली: 150 मीटरवर थेट लहर 100 मिलिसेकंदांना आणि तळ 141 ला, पण 500 मीटरवर थेट लहर 333 ला आणि तळ 348 ला. पंधरा मिलिसेकंदांत दोघांना वेगळं कसं करणार? थेट लहर म्यूट करायला गेलात की तळही कापला जातो. न कापता तशीच ठेवली तर तीही कन्व्हॉल्यूशनमध्ये शिरते आणि भलतेच मल्टिपल जन्माला घालते.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

खोल समुद्रात हेच 150 मीटर अगदी बिनमहत्त्वाचे ठरतात. पूर्व किनाऱ्यावर 1500 मीटर पाणी असेल तर पहिल्या ट्रेसवर कोन तीन अंशांच्याही आत, आणि पहिला मल्टिपल पूर्ण दोन सेकंदांनी. तिथे एसआरएमई जादूसारखी चालते. शिकाऊ लोक बहुधा त्या सुंदर उदाहरणांवर शिकतात आणि तेच पॅरामीटर उथळ डेटाला लावतात.

दुसरी एक अडचण कमी जणांच्या लक्षात येते. डेटा स्वतःशी कन्व्हॉल्व्ह करताना त्या डेटात प्रायमरीसोबत, म्हणजे थरावरून एकदाच परतलेल्या खऱ्या लहरींसोबत, मल्टिपलही असतातच. त्यामुळे दुसऱ्या, तिसऱ्या फेरीचे मल्टिपल अंदाजात गरजेपेक्षा मोठे येतात, कारण त्यांचे तुकडे एकापेक्षा जास्त ठिकाणी पाडता येतात. खोल पाण्यात या फेऱ्या दोन-दोन सेकंदांनी येतात, फिल्टर प्रत्येकीला वेगळा माप लावू शकतो. 75 मीटर पाण्यात अर्ध्या सेकंदाच्या खिडकीत पाच फेऱ्या कोंबलेल्या असतात. एकच फिल्टर पहिलीला मोठं आणि तिसरीला लहान कसं करेल? तो मधला मार्ग काढतो, आणि कुणाचंच समाधान होत नाही.

मग नियर ऑफसेट, म्हणजे गनजवळचे न नोंदलेले ट्रेस, शेजारच्या ट्रेसवरून इंटरपोलेट करून भरू नयेत का? खोल पाण्यात भराच. उथळात मात्र 150 पासून शून्यापर्यंत मागे जाताना 45 अंशांपासून शून्य अंशापर्यंतचं सगळं कल्पनेने भरायचं असतं. रेडॉनने (लहरींना त्यांच्या वेगावरून वेगळं करणाऱ्या गणिती रूपांतराने) भरलेलं ते परावर्तन बघायला झकास दिसतं, पण त्याची उंची कुठून आली हे विचारू नका.

मग करायचं काय

नोंदलं गेलं नाही ते उसनं आणायचं. पाण्याच्या थरात गूढ काहीच नाही: खोली माहीत आहे, वेग माहीत आहे. खोलीवरून पाण्यातल्या एका फेरीचं प्रतिरूप स्वतः तयार करा आणि डेटा त्याच्याशी कन्व्हॉल्व्ह करा. एसआरएमईत एक हात डेटाचा आणि दुसराही डेटाचा. इथे एक हात डेटाचा, दुसरा गणिताचा. थेट लहरीची कटकट नाही, 45 अंशांची नाही. जादा मोठ्या फेऱ्यांचाही त्रास बराच कमी, कारण प्रत्येक फेरीचा अंदाज तिच्या आधीच्या फेरीवरून बांधला जातो.

फक्त एक भान ठेवा. शॉटच्या बाजूने केलेला अंदाज आणि रिसीव्हरच्या बाजूने केलेला अंदाज यांची सरळ बेरीज केलीत तर दोन्ही बाजूंना फेरी मारलेले मल्टिपल दोनदा मोजले जातात. आधी एका बाजूचे वजा करा, उरलेल्या डेटावरून दुसऱ्या बाजूचा अंदाज बांधा. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकत्र हाताळायची सोय असेल तर ती दुहेरी मोजणी वळती करते की नाही, हे एखाद्या कृत्रिम ट्रेसवर तपासून घ्या. मॅन्युअलवर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता.

एसआरएमई यानंतर. पाण्याच्या फेऱ्या गेल्यावर जे लांब मल्टिपल उरतात, एखाद्या टणक थरावरून दोनदा आलेले वगैरे, त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. पाण्याच्या थराचा आणि एसआरएमईचा असे दोन्ही अंदाज तयार झाले की शेवटची वजाबाकी मूळ डेटातून एकाच वेळी जुळवून करा, एकामागून एक नको, नाहीतर दुसरा पहिल्याचे उष्टे वेचत बसतो.

वजाबाकी करताना हात हलका ठेवा. फिल्टर आखूड, खिडकी मोठी. लीस्ट स्क्वेअरवाला फिल्टर उरलेली ऊर्जा कमीत कमी करायला बसलेला असतो. मल्टिपलाच्या जागी योगायोगाने प्रायमरी असेल तर तो तिलाही आनंदाने खातो. आणि पश्चिम किनाऱ्यावर हे परवडणारं नाही. तिथल्या गाळाच्या थरांखाली ठिकठिकाणी तोच दख्खनचा काळा पाषाण आहे जो आमच्याकडे विहीर खोदताना सुरुंगाशिवाय फुटत नाही. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल भोक पाडलं, त्यात हा बेसाल्ट 338 मीटर जाड निघाला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि मग प्राचीन ग्रॅनाइट. समुद्राखालचा बेसाल्ट जाड असेल तर त्याचा माथा लहरीचा मोठा हिस्सा परत धाडतो. त्याखालून जी काही चिमूटभर प्रायमरी वर येते ती मल्टिपलांच्या गर्दीत असते. वजाबाकी जरा जोराची झाली की सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि जळलं हे कळतसुद्धा नाही.

कळण्याचा उपाय म्हणजे फरक बघणं. आधीचा डेटा उणे नंतरचा डेटा, म्हणजे जे काढून टाकलं तेवढंच. नवखे लोक नंतरचा स्टॅक बघून खूश होतात. मी त्यांना कचऱ्याची टोपली उलटी करायला लावतो. टोपलीत फक्त पाण्याच्या फेऱ्या दिसल्या पाहिजेत. एखादा थर समुद्रतळाच्या चढउताराकडे दुर्लक्ष करून स्वतःच्या मनाने वाकत असेल, तर तो टोपलीत चुकून पडला आहे. तिच्या पहिल्या स्टॅकच्या टोपलीत चुनखडीचा माथा इतका स्वच्छ दिसत होता की नंतरच्या स्टॅकपेक्षा टोपलीच छापावी असं वाटलं.

रेडॉनबद्दल थोडक्यात. उरल्यासुरल्यासाठी वापरा, तारणहार समजू नका. दोन सेकंदांवर 2500 वेगाची प्रायमरी आणि 1800 चा मल्टिपल यांच्यात 3000 मीटर ऑफसेटला 270 मिलिसेकंदांचा फरक पडतो, पण 500 मीटरला जेमतेम 9. म्हणजे दूरच्या ट्रेसवर रेडॉन मल्टिपलाला मानगुटीला धरून बाहेर काढतो आणि जवळच्या ट्रेसवर त्याला ओळखतच नाही. जवळच्या ट्रेसवर उरलेलं स्टॅकमध्ये जसंच्या तसं जमा होतं.

आणि तरीही वाजलं

हे सगळं केल्यावर तिच्या लाइन शांत झाल्या. चार दिवस आनंदात गेले. पाचव्या दिवशी सकाळी स्क्रीनशॉट आला, सोबत एकच शब्द: “पुन्हा.”

एका लाइनची सुरुवात वाजत होती आणि शेवटाकडे ती आपोआप शांत होत गेली होती. तळ सपाट, खोली जवळपास तीच. मी ठरलेली उत्तरं दिली: केबलची खोली बघ, गन बंद पडली होती का बघ, समुद्र खवळलेला होता का बघ. लाटा मोठ्या असतील तर पृष्ठभाग सपाट आरसा राहत नाही आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला गुणांक उणे 1 राहत नाही. त्या दिवसाचा समुद्र मात्र शांत होता. फोनवर असतानाच आमच्याकडे लाइट गेली, इन्व्हर्टरवर पडदा तेवढा उरला आणि पंखा बंद. एप्रिलच्या दुपारी पंख्याशिवाय ऑटोकोरिलेशन बघणं ही वेगळी तपश्चर्या आहे.

शोध तिनेच लावला. शेजारची लाइन घेतली, दोन्ही लाइन जिथे जवळ येतात ती जागा काढली. एकाच तळावर, एकाच दगडावर, एक लाइन वाजत होती आणि दुसरी नव्हती. म्हणजे दोष जागेचा नाही. मग काय उरलं? वेळ. शेजारची लाइन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तासाला घेतलेली होती.

“दादा, भरती?”

खोलीची जी फाइल आम्ही वापरत होतो ती कुणीतरी चार्टच्या पायापर्यंत उतरवून दिलेली होती, म्हणजे भरती-ओहोटी वजा करून. नकाशा काढायचा तर तेच बरोबर. पण शॉट मारला तेव्हा लहर खरोखरच्या पाण्यातून गेली, नकाशातल्या पाण्यातून नाही. भरतीला पाणी 3 मीटर जास्त असेल तर एका फेरीला 4 मिलिसेकंद जास्त लागतात. चार मिलिसेकंद म्हणजे किरकोळ वाटतं ना? 60 हर्ट्झला ते पाव चक्राच्या जवळ जातं, 86 अंश. दोन सारख्या उंचीच्या लहरींची 86 अंश सरकवून वजाबाकी केली तर उरलेली लहर मूळच्या 1.37 पट येते! मल्टिपल काढायला गेलो आणि वाढवून आलो. 60 अंशांच्या पुढे चूक गेली की वजाबाकी करण्यापेक्षा न करणं बरं.

जहाज पाच नॉटने जातं, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या थोडं वर. 60 किलोमीटरची लाइन साडेसहा तासांची, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास. लाइनची सुरुवात भरतीत झाली आणि शेवट ओहोटीत. म्हणून ती सुरुवातीला वाजत होती. आता माझी चूक: फिल्टर आखूड, खिडकी मोठी, हात हलका, हे मीच सांगितलं होतं आणि तिने इमानदारीने पूर्ण लाइनला एकच फिल्टर लावला होता. तिचा जुना लहान खिडकीवाला फिल्टर असता तर त्याने ठिकठिकाणी चार, तीन, दोन मिलिसेकंद सरकवून हे झाकून टाकलं असतं. चुनखडी खाल्ली असती ती वेगळी. एरवी आम्हाला भरतीचा पत्ताच लागला नसता.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. शॉटच्या वेळेची भरती फाइलमध्ये परत मिळवा, किंवा फाइल बाजूला ठेवून फेरीची वेळ डेटाच्या ऑटोकोरिलेशनवरूनच शॉटगणिक काढा. मी दुसरी पसंत करतो, कारण तिच्यात पाण्याच्या वेगाची चूकही आपोआप मिटते. वर मी सगळीकडे 1500 धरलं ते तोंडी हिशेबासाठी. 28 अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात खरा वेग 1540 च्या आसपास असतो. 75 मीटरला 100 ऐवजी 97.4 मिलिसेकंद. म्हणजे भरती नसतानाही अडीच मिलिसेकंदांची चूक घरबसल्या. दोन्ही चुका उलट दिशेच्या असल्या की एकमेकांना थोडं झाकतात, आणि मग एखादी लाइन नशिबाने चांगली दिसते. अशी लाइन सर्वांत धोकादायक, कारण तिच्यावरून ठरवलेले पॅरामीटर बाकीच्यांना लावले जातात.

ऑटोकोरिलेशनवरून वेळ काढताना जवळच्या ऑफसेटचे ट्रेस घ्या आणि शक्य तर ताऊ-पी मध्ये (डेटा किरणांच्या तिरकेपणानुसार मांडायच्या पद्धतीत) जाऊन काढा. साध्या गॅदरमध्ये (ऑफसेटनुसार लावलेल्या ट्रेसच्या गठ्ठ्यात) ऑफसेट वाढत गेला की फेऱ्यांमधलं अंतर बदलत जातं, ताऊ-पी मध्ये एका किरणाला ते एकसारखं राहतं. काढलेल्या वेळा लाइनभर गुळगुळीत करा. भरती झटके देत नाही, त्यामुळे शॉटगणिक उड्या दिसल्या तर त्या तुमच्या पिकिंगच्या, म्हणजे वेळा टिपण्याच्या, आहेत.

तिने सगळ्या लाइन या वेळांवर पुन्हा चालवल्या. एक जागा अजूनही वाजते. तिथे तळावर एक कडा लाइनला तिरकी जाते, फेऱ्या बाजूने येतात, आणि एका केबलच्या डेटावरून बाजूचा अंदाज बांधता येत नाही. फिल्टर आवळून ती जागा गप्प करायचा मोह तिला झाला होता. आम्ही ती तशीच ठेवली आणि सेक्शनवर शॉट क्रमांकासह लिहून दिलं: इथल्या सव्वा ते दीड सेकंदांमधल्या रेघा मल्टिपल आहेत, थर म्हणून ओढू नका.